अंगठ्यावरून पाणी

बायको गेली तेव्हा माझा उजवा हात तिच्या आधीच गेलेला होता. लकवा मारला होता. तोंड सरळ झालं, पाय काठीच्या आधारानं चालायला लागला, हात मात्र परत आला नाही. कोपरात वाकलेला, तळवा जमिनीकडं, मूठ आवळलेली. ती रोज सकाळी कोमट तेलाची वाटी घेऊन बसायची आणि एकेक बोट सोडवायची. सोडवताना तोंडाचा पट्टा चालू.

"उघडा की मूठ. काय निजामानं दिलेली जहागिरी धरून बसलात का आत?"

मी म्हणायचो, "दुखतंय."

"दुखतंय म्हणजे जित्ता हाय. मेलेलं दुखत नसतं."

मग तीच गेली. ताप आला, डोक्यात गेला, दवाखान्यात नेईपर्यंत बोलणं बंद झालं. आम्हाला मूलबाळ नाही. दहाव्याला कुणी बसायचं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा शेंद्र्याला असतो, तिथल्या एका कारखान्यात कामाला आहे, तोच बसला. मी खुर्चीवर बसून बघत होतो. त्याच्या मांडीखाली मोबाइल होता. गुरुजी मंत्र म्हणायचे आणि मांडी थरथरायची. तिसऱ्यांदा थरथरली तेव्हा त्यानं डाव्या हातानं मोबाइल काढून बघितला आणि उजव्या हातानं पाणी सोडलं. पाणी कुठं पडलं हे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

पोरगा वाईट नाही. त्याला त्या दिवशी दुसऱ्या पाळीला जायचं होतं. पण हे मी आधी एकदा बघितलं होतं, आणि तेव्हा बायको माझ्या शेजारी बसलेली होती. त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या भावजयीचा दहावा होता. तेव्हाही तो असाच मोबाइल बघत होता. घरी येताना रिक्षात बायको म्हणाली, "हे बघा, माझ्या पाण्याला याला बसवू नका. तुमी द्या. नसंल जमत तर मी तहानलेली बरी."

तेव्हा माझा हात धड होता. मी म्हणलं, "तू कशाला आधी जातीस?"

ती म्हणाली, "सांगून ठेवते."

दहावा, बारावा हातातून गेला. राहिलं वर्षसराद. वर्ष भरलं की मेलेल्याला पितरांत बसवतात, त्या दिवशी पाणी द्यावं लागतं. ते मी माझ्या हातानं देणार असं मी ठरवलं. बोलून कुणाला दाखवलं नाही. बोलायला घरात होतं कोण?

आमच्या मुकुंदवाडीतले एक गुरुजी आहेत, स्कूटरवर फिरतात. त्यांना गाठून विचारलं, डाव्या हातानं दिलं तर चालंल का? ते स्कूटर बंद न करताच म्हणाले, "डाव्या हातानं देवाला नाही आणि पितराला तर नाहीच नाही."

"मग ज्याचा उजवा चालत नाही त्यानं काय करावं?"

"कुणाला तरी बसवावं. त्याच्या हातात दर्भ द्यायचा, म्हणायचं माझ्या वतीनं कर. सोय आहे शास्त्रात."

"सोय नको मला."

तेव्हा त्यांनी स्कूटर बंद केली. स्वतःचा उजवा हात पुढं केला, तळवा आभाळाकडं. "इथं तिळाचं पाणी घ्यायचं. आणि असं सोडायचं." हात उजवीकडं, बाहेर कलंडवला. पाणी असतं तर अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधून खाली पडलं असतं. "बोटांच्या टोकावरून देवाला. अंगठ्यावरून पितराला. तुमची मूठ उघडत नाही, तळवा वर होत नाही. तुम्ही कसं करणार?"

मी म्हणलं, "बघतो." त्यांनी स्कूटर चालू केली.

सरकारी दवाखान्यात मी हाताच्या व्यायामाला जायचो. तिथल्या बाईनं एक दिवस सांगितलं, गावाबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात हाताचं मशीन बनवतायत, लकवा झालेली माणसं पाहिजेत, जाता का? येण्याजाण्याची रिक्षा ते करतात. मी हो म्हणलं. खरं सांगायचं तर हातासाठी हो म्हणलं नाही. दुपारी चार भिंतींत बसून पंख्याकडं बघण्यापेक्षा बरं, म्हणून म्हणलं.

खोली मोठी, थंड. मधे टेबल, टेबलाला घट्ट बसवलेला एक लोखंडी हात. खरा हात त्यात ठेवायचा. कोपराला एक पट्टा, दंडाला एक, मनगटाभोवती कडं, बोटांना पाच टोप्या. कातडीवर चिकटपट्ट्या लावायच्या, त्यांच्या तारा संगणकात जायच्या. आत कुठला स्नायू किती जोर लावतोय ते पडद्यावर दिसायचं. मशीनवर पीएचडी करणारी पोरगी सोयगावकडची, होस्टेलला राहायची. फोनवर शहरातल्यासारखं बोलायची आणि माझ्याशी गावाकडचं. पहिल्या दिवशी तिनं माझी मूठ सोडवून एकेक बोट टोपीत घातलं. बायको गेल्यापासून माझ्या हाताला कुणी हात लावला नव्हता. दवाखान्यातली बाई लावायची, पण घड्याळ बघत. ही बोटांकडं बघत होती.

"बाबा, हे मशीन तुमचा हात ओढणार नाही," ती म्हणाली. "ते तुमच्याकडं लक्ष देतं. तुमी जितका जोर लावाल तितकं ते गप बसतं. तुमी अडलात की तेवढ्यापुरतं उचलतं. परत तुमी लावला की परत सोडतं."

"म्हणजे चांगल्या घरची सून हाय."

ती हसली. "तसंच समजा. पण सुनेला कामं सांगून आपण झोपायचं नाही."

एक पट्टा छातीलाही होता, खुर्चीला बांधायचा. मला तो आवडला नाही. मी म्हणलं, मी काय पळून चाललोय का? ती म्हणाली, "ज्याचा हात गेला तो माणूस हातानं करायचं काम खांद्यानं करतो, कमरेनं करतो. अंग कलतं करून भागवतो. मग हात शिकतच नाही. अंगाची ही चोरी धरायला पट्टा."

कामं अशी होती. पेला धरायचा, तोंडाकडं न्यायचा. तळवा वर करायचा, प्रसाद घेतात तसा. तळव्यावर थर्माकोलच्या गोळ्या ठेवायच्या, त्या डबीत टाकायच्या. पडद्यावर एक हिरवी रेघ असायची, ती बरोबर वाट. माझ्या हाताची निळी रेघ तिच्या जवळ आली की मशीनचा आवाज बारीक व्हायचा. लांब गेली की डास घुमल्यासारखा वाढायचा. पहिले काही आठवडे नुसते डासच.

मला वेळ लागला पण तळवा वर व्हायला लागला. मशीनच्या मदतीनं का होईना, व्हायला लागला. तेव्हा मी पोरीला पहिल्यांदा सांगितलं. वर्षसराद, अंगठ्यावरून पाणी, बायको काय म्हणाली होती ते. ती म्हणाली, "करून बघू की."

गोळ्या तळव्यावर ठेवल्या. मी हात बाहेर, उजवीकडं कलंडवायला गेलो. कडं गुरगुरलं आणि माझा हात हळूच आत, डावीकडं घेऊन आलं. परत केलं. परत आत आणलं. ओढून नाही, रागानं नाही. लहान पोराचा हात आई चुलीपासून बाजूला करते तसं.

पोरीनं संगणकात डोकं घातलं, मग कपाळाला हात लावला. "बाबा, याला बाहेरची वाटच माहीत नाही."

प्रकार असा होता. मशीनला हिरवी रेघ शिकवायला त्यांनी कॉलेजातल्या धडधाकट पोरापोरींचे हात त्यात घातले होते. गोळ्या टाका, पाणी ओता, वाटी उपडी करा. आणि आपल्यातलं कोणतं पोरगं बाहेर ओततं? लहानपणापासून घरात ऐकलेलं असतं, उलट्या हातानं वाढू नये, अंगठ्याच्या बाजूनं ओतू नये, ते मेलेल्याला देतात. सगळ्यांनी आत ओतलं. कुणी सांगितलं नव्हतं तसं करा म्हणून. हात आपोआप तसे गेले. मशीन म्हणालं असंल, माणसाचा हात असाच फिरतो.

मी म्हणलं, "म्हणजे यालाबी तुमी संस्कार लावले."

"आता बाहेरची वाट शिकवायला पाहिजे," ती म्हणाली. "एका धड हातानं पुन्हा पुन्हा करून दाखवायचं."

"मग दाखवा कुणीतरी."

खोलीत आणखी दोन-तीन पोरं होती, आपापल्या संगणकावर. तिनं विचारलं, कोण येतं? सगळे उठले. काय करायचंय ते तिनं सांगितलं तसे परत बसले. एक जण म्हणाला, "मॅडम, माझे आईबाप आहेत ना." दुसरा म्हणाला, "माझी आई ऐकंल तर जेवायला देणार नाही." तिसरा अभ्यासाचं सोंग करायला लागला. मला त्यांचा राग आला नाही. ज्याचे आईबाप आहेत त्यानं असं पाणी सोडायचं नसतं, गमतीतसुद्धा. मीही माझ्या पोराला सोडू दिलं नसतं, असता तर.

पोरीनं खुर्ची ओढली, बसली, बाही वर केली आणि स्वतःचा उजवा हात मशीनमधे घातला.

मी म्हणलं, "तू नको. तुझे आईबाप..."

"आई आहे," ती म्हणाली. "वडील नाहीत."

मला माहीत नव्हतं. एवढे आठवडे ती माझी बोटं सोडवत होती आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं, घरी कोण कोण आहे.

"पण मला येत नाही," ती म्हणाली. "तेव्हा भाऊ बसला होता. मी आत भाकऱ्या थापत होते. कसं करायचं ते सांगा."

मी माझा डावा हात पुढं करून दाखवलं. तळवा वर. मग बाहेर. घाई नाही करायची. पाणी ओघळलं पाहिजे, सांडलं नाही पाहिजे. ती करत गेली. गोळ्या अंगठ्यावरून खाली पडत होत्या, पोरं त्या उचलून परत तिच्या तळव्यावर ठेवत होती. ती पडद्याकडं बघत नव्हती, हाताकडं बघत होती. पुरं झालं तेव्हा तिनं हात काढला, बाही खाली केली आणि म्हणाली, "आलेच," आणि बाहेर जाऊन बराच वेळ आली नाही.

तिनं ती वाट मशीनमधे बसवली आणि पुढच्या खेपेला माझा हात आत घातला.

तळवा वर झाला. कडं फिरलं. माझा हात बाहेर कलंडला, शांत, कुठं अडलं नाही. गोळ्या अंगठ्यावरून पडल्या. परत केलं, परत पडल्या. त्या खेपेला मी घरून कागदात काळे तीळ बांधून नेले होते. मला वाटलं नुसत्या गोळ्यांनी काय सवय होणार? ती दुसऱ्या टेबलाकडं वळली तेवढ्यात मी डाव्या हातानं तीळ तळव्यावर टाकले. निम्मे अंगठ्यावरून पडले, निम्मे मशीनच्या सांध्यात गेले. कडं कर्र करून थांबलं.

खोली झाडणारा मामा धावत आला. "बाबा, बायकोचं सराद घालायला आलात का मशीनचं?"

पोरीनं चिमट्यानं एकेक तीळ काढला. रागावली, पण हसतही होती. म्हणाली, मोटरजवळ पाणी नाही आणि तीळ तर नाहीच. मग तिलाच वाईट वाटलं. तिनं प्लास्टिक अंथरलं आणि चमचाभर पाणी माझ्या तळव्यावर घातलं. ते अंगठ्यावरून खाली पडलं.

त्या संध्याकाळी मी पुतण्याला फोन केला. "तू अर्धा दिवस सुट्टी टाक, सगळं कर. पण पाण्याला मी बसणार."

"काका, हात झाला का तुमचा?"

"झाला."

तो म्हणाला, "मी काय परका हाय का, काका? दहाव्याला मीच होतो ना?"

"तूच होतास," मी म्हणलं. बायको रिक्षात काय म्हणाली होती ते त्याला सांगून काय मिळणार होतं?

पुढच्या खेपेला पोरीचं तोंड उतरलेलं. तिनं मला पट्टे बांधले नाहीत, शेजारी खुर्ची घेऊन बसली आणि पडदा माझ्याकडं फिरवला. "ही मशीननं केलेली मदत. हा तुमचा जोर." मदतीची रेघ डोंगरासारखी उभी होती. माझी खाली, जमिनीवर आडवी पडलेली.

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी मशीननं सोडलं, बाबा. तुमचं त्यात काही नव्हतं. बाकीच्या कामांत तुमचा जोर थोडा थोडा वाढत होता. या कामात तो गेलाच. पहिल्यांदा होता, दुसऱ्यांदा कमी, मग नाहीच."

मी चिडलो. "मग त्या दिवशी सांगायचं नाही का? मी पुतण्याला फोन करून बसलो."

"त्या दिवशी मी रेघच बघितली नाही. मीबी पाण्याकडंच बघत होते."

"तुझं मशीन मला फसवतंय."

"मशीन नाही फसवत. तुमी सोडून दिलंत. का सोडलंत?"

त्या पोरीला मी काय सांगणार? मला ठाऊक होतं का ते. कडं फिरायला लागलं की मला वाटायचं कुणीतरी माझा हात हातात घेतलाय. पहिल्यांदा मी जोर लावला. दुसऱ्यांदा म्हणलं, फिरवू दे. बायको गेल्यापासून मला कुणी असं धरलं नव्हतं. आपण जोर लावला की ते सोडतं, हे मला कळलेलं होतं. मग मी कशाला जोर लावू?

मी म्हणलं, "थकत असंन."

तिला ते खोटं कळलं. म्हणाली, "ठीक आहे. आता मी मदत कमी करणार. रोज थोडी कमी. पडलं तर तुमचं, नाही पडलं तर तुमचं."

"आणि नाहीच पडलं तर?"

"तर पुतण्याला बसवा!" ती ओरडली. पोरं मान वर करून बघायला लागली. तिनं आवाज खाली आणला. "मला दुसरं येत नाही, बाबा. मला एवढंच येतं."

मग तसंच झालं. कडं दर खेपेला जास्त ढिलं. हात जिथं अडायचा तिथं अडलेलाच राहायचा. घाम फुटायचा. मी मशीनला शिव्या द्यायचो, तिला द्यायचो, मेलेल्या बायकोलाही दिल्या. पोरगी म्हणायची, "द्या शिव्या, पण खांदा नका उचलू." माझ्या जोराची रेघ जमिनीवरून उठली. फार नाही, बांधाएवढी. तळवा माझ्या जोरानं जवळजवळ सपाट व्हायला लागला. पण तिथून पुढं, बाहेर, तो काही जाईना. गोळ्या तळव्यातच बसून राहायच्या, माझ्याकडं बघत.

सरादाच्या आधीच्या खेपेला तिनं मशीन बंद केलं, माझा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "करा." मी केलं. तळवा वर झाला. बस, तेवढंच. आम्ही दोघं त्या तळव्याकडं बघत बसलो.

"नाही होणार, बाबा," ती म्हणाली. "मशीनशिवाय उद्या नाही होणार. आणखी सहा महिने दिले असते तर कदाचित. मी खोटं नाही बोलणार."

"मशीन उद्या एका दिवसाला मिळंल का?"

"ते टेबलासकट जमिनीला बसवलंय."

मी उठलो. ती दारापर्यंत आली. म्हणाली, "जमलं नाही तरी त्यांना कळंल ना, की तुमी किती..."

"मेलेल्याला काही कळत नाही," मी म्हणलं. "पाणी पडलं तर पडलं."

शेंद्र्याला आमचा मळा होता. मधे सगळा कारखान्यांत गेला. विहीर आणि तिच्याभोवतीचा पट्टा तेवढा राहिलाय, पलीकडं कारखान्याची भिंत. तिथं पुतण्यानं सारवून घेतलं होतं. त्याची बायको आणि दोघी शेजारणी लांब चुलीवर भात शिजवत होत्या. पुतण्यानं मला धोतर नेसवलं. उपरणं उजव्या खांद्यावर टाकलं. पाटावर बसवलं. मग माझ्या मुठीतलं एकेक बोट त्यानं सोडवलं. जोरात, मुरगाळल्यासारखं, त्याला सवय नव्हती.

गुरुजींनी मंत्र सुरू केले. मी तळवा वर केला. मशीन नसताना, माझ्या जोरानं, तो सपाट होईपर्यंत वर झाला. पुतण्यानं पळीनं तिळाचं पाणी घातलं. गुरुजी म्हणाले, "सोडा."

मी जोर लावला. पाणी तळव्यात हललं आणि करंगळीकडं यायला लागलं, आत, डावीकडं. आत पडलं असतं तर वाया. मी हात आवरला. पाणी थांबलं. परत जोर लावला. तेच.

पुतण्याचा मोबाइल वाजायला लागला. त्यानं बघितला नाही, वाजू दिला. हळूच म्हणाला, "काका, द्या इकडं. दर्भ हाय गुरुजींकडं. कुणी काही म्हणणार नाही."

गुरुजींनी दर्भ उचललाही होता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्या छातीला काही बांधलेलं नाही. इथं कुणाला माझा हात शिकवायचा नव्हता. इथं फक्त पाणी पडायचं होतं. मी हात तसाच सपाट ठेवला आणि सगळं अंग उजवीकडं कलतं केलं. खांदा, कंबर, मान, होतं तेवढं सगळं. एका चाकानं खड्ड्यात उतरलेल्या गाडीसारखा मी कलत गेलो.

पुतण्या मला धरायला पुढं झाला.

"धरू नको!"

पाणी अंगठ्याकडं आलं. थांबलं. मग अंगठ्यावरून, मधल्या खाचेतून, खाली दर्भावर पडलं. तीळ दोन अंगठ्याला चिकटून राहिले.

"झालं का?" मी वाकड्या अंगानंच विचारलं.

गुरुजी वाकून बघत होते. "झालं. बरोबर पडलं. आणखी दोनदा."

"आणखी दोनदा?"

"तीनदा द्यायचं असतं, बाबा."

दुसऱ्यांदा नीट पडलं. तिसऱ्यांदा पाणी पडलं आणि मीही पडलो, पाटावरून सरळ पुतण्याच्या मांडीवर. चुलीकडून एकीचं हसू फुटलं, तिनं पदर तोंडात कोंबला. सरादाला हसत नसतात. पुतण्याही हसला आणि मला उचलताना हसत हसतच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो असंन. मला आठवत नाही.

उठवून बसवल्यावर गुरुजी म्हणाले, "पोचलं. आता त्या पितरांत गेल्या. आता त्यांना मागं फिरणं नाही, आपणही त्यांना मागं ओढायचं नाही."

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असंल, मी ऐकलं नसंल. मला फक्त पाण्याची पडली होती. ती तहानलेली आहे, एवढंच डोक्यात होतं. आणि तहानलेलं माणूस दारातून हलत नाही. वर्षभर ती तशी घरातच होती. भाजी आळणी झाली की मी तिच्याशी भांडायचो. कुलूप काढताना "आलो गं" म्हणायचो. लोकांना येडेपणा वाटंल, वाटू द्या.

जेवणं झाली. पुतण्यानं मला मोटरसायकलवर घरी सोडलं, उरलेला भात डब्यात घालून दिला, पाया पडला आणि पाळीला गेला. मी कुलूप काढलं. दारात उभा राहिलो. तोंडाशी आलेलं गिळलं. म्हणणार कुणाला? आजच तर तिला घालवून आलो होतो, आणि तेही जमावं म्हणून एवढा घाम गाळला होता. न जमतं तर ती तहानलेली राहिली असती. पण राहिली असती.

सकाळी पोरीचा फोन आला.

"बाबा, पडलं का पाणी?"

"पडलं. तिन्ही वेळा."

"अंगठ्यावरून?"

"अंगठ्यावरून. अंग कलतं करून. तू बघितलं असतंस तर बोंबलली असतीस."

ती लई हसली. "करू द्या की चोरी. कालचा दिवस तुमचाच होता. मग? आता कसं वाटतंय?"

मी म्हणलं, "गेली."

"कोण गेली?" असं ती म्हणाली, आणि मग तिला कळलं असावं, कारण ती गप झाली. फोन तिनं ठेवला नाही, मीही ठेवला नाही. तिकडं मागं मशीन चालू होतं, डासासारखं. कुणाचा तरी हात असंल त्यात.